न आलेल्यांची यादी

नाताळच्या आधीच्या रविवारचा कार्यक्रम आटोपला की ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात एक ठरलेला प्रसंग घडतो. मुलांचं नाटुकलं झालेलं असतं. मेंढपाळ झालेल्या एखाद्या पोराच्या डोक्यावरचं फडकं खुर्चीखाली पडलेलं असतं. मागच्या बाजूला दोन-तीन जण खुर्च्या एकात एक सरकवून भिंतीकडे ढकलत असतात, आणि कुणीतरी चिटणिसाला विचारतं, "किती झाले?" चिटणीस खुर्च्यांवरूनच हिशोब करतो. दहाच्या चौदा रांगा, मागे उभे असलेले वीसेक. "एकशे साठ. गेल्या वर्षी एकशे तीस होते." चेहरे खुलतात, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मान डोलावतात, आणि आकडा वार्षिक अहवालात जातो.

अशाच एका संध्याकाळी मी मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या एका मंडळीत खुर्च्या उचलायला थांबले होते. तिथल्या एक निवृत्त शिक्षिका दाराजवळ स्टुलावर बसून एका जुन्या वहीत पेन्सिलीने खुणा करत होत्या. मला वाटलं, आलेल्यांची नोंद चालली असावी. जवळ जाऊन पाहिलं तर उलटंच काम चाललं होतं. ज्यांच्या नावापुढे खूण नव्हती तेवढी नावं त्या वेगळ्या कागदावर उतरवून घेत होत्या. अकरा भरली. चिटणीस हसून म्हणाला, "बाई, एकशे साठ आले, आणि तुम्ही अकरा जणांत अडकलात?" वर न बघता त्या म्हणाल्या, "आले ते धडधाकट आहेत. मला उरलेल्यांचं बघायचंय."

मंडळीचे हंगामी कार्यक्रम कशासाठी असतात, या प्रश्नावर मी जे काही ऐकलं-वाचलं आहे त्यात हे वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटतं. आगमन काळातली, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतली गाणी, वर्षाअखेरची रात्रीची उपासना, ईस्टरची पहाट, कापणीचा सण, उन्हाळ्यातलं मुलांचं शिबिर, वर्धापनदिन, विक्रीमेळा. जगात कुठल्याही मेथडिस्ट मंडळीचं वर्ष थोड्याफार फरकाने या खुंट्यांवर टांगलेलं असतं. या कार्यक्रमांचं यश आपण आलेल्यांच्या डोक्यांवरून मोजतो. माझं म्हणणं असं की हा हिशोब चुकीच्या बाजूने मांडलेला आहे. सणाच्या निमित्ताने लोक जमतात ही चांगलीच गोष्ट, पण सहभागिता म्हणून ज्या गोष्टीचा आपण उपासनेत उठता-बसता उच्चार करतो तिची सुरुवात कुणीतरी आपली गैरहजेरी टिपतं तिथे होते. आणि मेथडिस्ट परंपरेला हे नव्याने शिकवावं लागणार नाही. तिचा जन्मच तसा झालेला आहे.

हा केवळ एका पंथाच्या घरातला प्रश्न आहे असंही नाही. २०१८ साली ब्रिटनने एका मंत्र्याकडे एकाकीपणाचं खातं सोपवलं, २०२१ मध्ये जपाननेही तसंच केलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी एकाकीपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असं सांगणारं पत्रक काढलं. सरकारं खाती काढू शकतात. पण मंगळवारी संध्याकाळी कुणाचं दार वाजवायचं हे खात्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असू शकेल अशा जागा कमी होत चालल्या आहेत, आणि मंडळीचं सभागृह ही त्यांतली एक आहे. म्हणून तिथे होणाऱ्या कार्यक्रमांचं मोजमाप कसं करायचं याची चर्चा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचसमितीच्या बैठकीपुरती ठेवून चालणार नाही.

आता थोडं मागे जाऊ. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली हा पक्का चर्च ऑफ इंग्लंडचा माणूस. उघड्यावर प्रवचन करणं त्याला सुरुवातीला अगदी ओंगळ वाटत होतं. तरी त्याचा सहकारी प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड याच्या आग्रहावरून २ एप्रिल १७३९ ला ब्रिस्टलजवळ तो उघड्यावर उभा राहिला आणि त्याच्या रोजनिशीप्रमाणे तीन हजार लोकांसमोर बोलला. (गर्दी मोजायची हौस त्यालाही होती. रोजनिशीभर असे आकडे पसरलेले आहेत, तेव्हा आपल्या चिटणिसाला फार बोलायला नको.) त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये 'न्यू रूम' नावाची इमारत उभी राहिली, मेथडिस्टांनी बांधलेली पहिली. इमारत झाली, आणि तिच्याबरोबर कर्जही आलं.

१५ फेब्रुवारी १७४२ ला हे कर्ज कसं फेडायचं यावर ब्रिस्टलमध्ये बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या एका गृहस्थाने सुचवलं की कर्ज फिटेपर्यंत प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. लगेच कुणीतरी म्हणालं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना तेवढंही परवडणारं नाही. त्यावर फॉयने दिलेलं उत्तर पुढच्या दीडशे वर्षांच्या मेथडिस्ट जीवनाचा पाया ठरलं. तो म्हणाला, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन. त्यांना देता आलं तर उत्तम, नाही आलं तर माझ्या पेनीबरोबर त्यांचीही मीच भरीन. मग इतरांनीही अकरा-अकरा शेजाऱ्यांची जबाबदारी घ्यावी. अशी बारा-बारांची विभागणी ठरली आणि वसुली सुरू झाली.

वसुली करणारे घरोघर जाऊ लागले तसं त्यांना भलतंच काही दिसू लागलं. कुणी दारूत बुडालेला, कुठे नवरा-बायकोचं भांडण विकोपाला गेलेलं. ते येऊन वेस्लीला सांगू लागले. वेस्लीच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. पैशासाठी केलेल्या वाटणीतून 'क्लास' जन्माला आला. पुढे घरोघर जाणं सगळ्यांना जमेना, कारण कुणाच्या मालकाला ते चालत नसे तर कुणाच्या घरच्यांना. म्हणून त्या बारा जणांनीच आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं. पण मूळ कल्पना दारात जाण्याचीच होती.

मला यातली गंमत अशी वाटते की क्लास हा आरंभी निधी-संकलनाचा कार्यक्रम होता. आपल्या विक्रीमेळ्याचा तो पणजोबा म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की पेनी आणायला वसुलीवाल्याला उंबऱ्यापर्यंत जावं लागे, आणि उंबऱ्यापर्यंत गेलं की आतलं दिसे. विक्रीमेळ्यात देणाराच टेबलापाशी चालत येतो. ज्याला येता येत नाही त्याची पेनी बुडते, आणि पेनीबरोबर त्याची खबरही. तिजोरीला काही जाणवत नाही, कारण दुसऱ्या कुणीतरी दुप्पट खरेदी केलेली असते. पैसा उभा करायच्या रीती जसजशा सोप्या होत गेल्या तसतशा त्यांच्यातून भेटी गळत गेल्या. क्यूआर कोडवर अर्पण देण्याला माझा विरोध नाही. पण ते कोड आलं त्या दिवशी कुणाच्या तरी घरी जायचं एक निमित्त संपलं, हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

नुसत्या मोठ्या सभांचं काय होतं हे वेस्लीने स्वतः पाहिलेलं होतं. १७६३ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोकशायर भागातून जाताना त्याने रोजनिशीत फार कडू नोंद केली. इथे वीस वर्षं केवढी प्रवचनं झाली, पण नियमित मंडळ्या नाहीत, शिस्त नाही, लोकांना एकमेकांशी जोडणं नाही. परिणाम काय, तर एकदा जागे झालेल्या दहांपैकी नऊ जण आता पूर्वीपेक्षा गाढ झोपले आहेत. हंगामी कार्यक्रमांच्या आयोजकांनी ही नोंद अहवालाच्या मुखपृष्ठावर छापावी, असं मला पुष्कळदा वाटतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही बाई सणांच्या विरोधात आहे. तसं मुळीच नाही. सणाचं एक सामर्थ्य रोजच्या उपासनेत नाही. अनोळखी माणसाला रविवारच्या उपासनेत पाऊल टाकणं अवघड जातं. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, गीतांचं पुस्तक कुठलं उघडायचं, काहीच ठाऊक नसतं. नाताळच्या गाण्यांना आलं तर निदान चाल ओळखीची निघते. जॉनचा भाऊ चार्ल्स वेस्ली याने १७३९ साली लिहिलेलं 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' हे नाताळगीत आज कुठल्या मंडळीत कुठल्या भाषेत म्हटलं जात नाही? तेसुद्धा त्याच्या मूळ शब्दांत नव्हे. पहिली ओळ व्हाइटफील्डने बदलली आणि चाल शंभर वर्षांनंतरच्या संगीतकार मेंडेल्सोनची आहे. गर्दीत उभं राहून म्हणायला ते बरं पडतं, आणि गर्दीत लपताही येतं. दुखऱ्या मनाच्या माणसाला लपायची जागा लागते, हे मी तुच्छतेने म्हणत नाही.

आणि कामाचं बोलायचं तर खुर्च्या लावताना झालेल्या ओळखी उपासनेनंतर हात मिळवताना झालेल्या ओळखींपेक्षा टिकतात. ज्याला मंडळीत आणायचं त्याला पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसवण्याऐवजी शिडी धरायला सांगावं. शिडी धरलेला माणूस पुढच्या आठवड्यात तारा उतरवायलाही येतो. मेथडिस्टांची सोडत आणि लॉटरीबद्दलची जुनी नाराजी इथे उपयोगाची ठरली आहे. तिकिटं विकून झटपट पैसा उभा करण्यापेक्षा हातांनी काहीतरी करून तो उभा करायची सवय पुष्कळ मंडळ्यांत त्यामुळे टिकली, आणि हातांना काम आहे तिथे तोंडंही बोलतात.

पण सण जमलेल्यांना एकत्र आणतो, न जमलेल्यांबद्दल तो मुका असतो. उलट सणाच्या दिवशी घरी बसलेल्या माणसाचं घर जास्तच रिकामं होतं. एरवीच्या रविवारी गेलं नाही तर गेलं नाही. नाताळला गेलं नाही तर ते स्वतःला जाणवतं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही हे त्याहून जास्त जाणवतं.

याची दोन उदाहरणं एकाच वर्षातली आणि एकाच राज्यातली आहेत. १० मे १९०८ ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावी अँड्र्यूज मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये ॲना जार्व्हिसच्या खटपटीने मातृदिनाची उपासना झाली. तिची आई त्या मंडळीत वर्षानुवर्षं संडे स्कूल शिकवत असे. स्वतः ॲना त्या दिवशी तिथे गेली नाही. तिने पाचशे पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सननी तो दिवस राष्ट्रीय केला, फुलवाले आणि भेटकार्डवाले त्यावर तुटून पडले, आणि ॲनाचं उरलेलं आयुष्य आपणच सुरू केलेल्या दिवसाच्या बाजारीकरणाशी भांडण्यात गेलं.

दुसरी घटना फारशी कुणाला माहीत नाही. ६ डिसेंबर १९०७ ला त्याच राज्यात मोनोंगा इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. शेकडो मुलं एका सकाळी बापावेगळी झाली. जवळच्या फेअरमाँट गावातल्या ग्रेस गोल्डन क्लेटन हिने आपल्या पाळकाला विनंती केली, आणि ५ जुलै १९०८ ला तिथल्या विल्यम्स मेमोरियल मेथडिस्ट मंडळीत वडिलांच्या स्मरणार्थ उपासना झाली. पितृदिनाचा हा पहिला कार्यक्रम मानला जातो. त्याचा गाजावाजा झाला नाही, दुसऱ्या वर्षी तो पुन्हा घेतलाही नाही, लोक विसरून गेले. आज सगळीकडे साजरा होतो तो पितृदिन दुसऱ्या गावातून, दुसऱ्या बाईच्या प्रयत्नातून आला.

या दोन्हींतला कुठला कार्यक्रम यशस्वी म्हणायचा? चिटणिसाच्या वहीत ग्राफ्टनचा. माझ्या दृष्टीने मात्र फेअरमाँटचा कार्यक्रम सणाचं मूळ काम करून गेला. तो अख्खाच्या अख्खा गैरहजर माणसांभोवती उभा होता. शेजारच्या गावातल्या पोरांना बाप उरला नाही हे एका बाईने टिपलं, आणि मंडळीने एक रविवार त्यासाठी बाजूला काढला.

मातृदिनाची तर उलटीच तऱ्हा होऊन बसली आहे. बऱ्याच मंडळ्यांत त्या दिवशी आयांना उभं राहायला सांगतात आणि फूल देतात. ज्या बाईचं मूल गेलेलं आहे, जिला झालंच नाही, जिची आई महिन्यापूर्वी गेली, ती त्या रविवारी येत नाही. वर्षानुवर्षं येत नाही. आणि तिथे खुर्च्या मोजल्या तर आकडा छानच भरतो, कारण त्या दिवशी आईला घेऊन एरवी न येणारी मुलंही आलेली असतात. अलीकडे काही पाळक फूल सगळ्याच बायकांना देतात, काही उभं राहायला लावणं टाळतात. ही सुधारणा कुणीतरी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं म्हणूनच झाली असणार.

अशीच आणखी एक चांगली प्रथा गेल्या काही दशकांत बऱ्याच मेथडिस्ट मंडळ्यांत रुजली आहे, सर्वांत मोठ्या रात्रीच्या उपासनेची. २१ डिसेंबरच्या सुमारास, नाताळच्या झगमगाटाआधी, ज्यांना हा सण सोसवत नाही त्यांच्यासाठी शांतपणे बसायची एक संध्याकाळ. मेणबत्त्या थोड्या, गाणी हळू, आणि मोठ्याने हसायची सक्ती नाही. गर्दी बेताची असते. माझ्या मते मंडळीच्या वर्षातला तो सर्वांत महत्त्वाचा हंगामी कार्यक्रम आहे, आणि अहवालात त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही.

या मांडणीवर आक्षेप आहेत, आणि पहिला आक्षेप साधासुधा नाही. गैरहजेरी टिपणं आणि पाळत ठेवणं यांत अंतर किती? मेथडिस्ट इतिहासच याची साक्ष देतो. मार्च १७४३ मध्ये वेस्लीने न्यूकॅसलच्या मंडळीतून ६४ जणांना काढून टाकलं आणि कारणांची यादी लिहून ठेवली. दारूडेपणाबद्दल सतरा, शिव्याशाप देण्याबद्दल दोन, भांडखोरपणाबद्दल तीन, आळसाबद्दल एक, बायकोला मारण्याबद्दल एक. आणि सर्वांत मोठा गट एकोणतीस जणांचा, थिल्लरपणा आणि बेफिकिरीबद्दल! न्यूकॅसलमध्ये बायकोला मारणारा एकच निघाला आणि थिल्लर एकोणतीस, यावरून यादी करणाऱ्याची नजर कुठे होती ते कळतं. प्रीतिभोजनाचंही तसंच. साधी भाकर आणि पाणी वाटून घ्यायचं आणि एकेकाने उठून साक्ष द्यायची असा तो गोड प्रकार. बायकांनाही तिथे बोलता येई, जे त्या काळात इतरत्र दुर्मीळ होतं. पण आत जायला तिमाहीचं तिकीट लागे, आणि तिकीट क्लासमधल्या वर्तणुकीवर मिळे. आज कुठल्या मंडळीने असं काही केलं तर मी पहिली बाहेर पडेन.

तेव्हा यादी करावी, पण ती कुणासाठी हे स्पष्ट असावं. त्या शिक्षिकांच्या कागदावरची नावं कुठल्याही समितीपुढे गेली नाहीत. त्यांनी फोन केले, दोघांकडे जाऊन आल्या, आणि कागद फाडून टाकला. "का आला नाहीत?" असं त्या कुणालाच विचारत नाहीत, हेही मी पाहिलं. त्या आपलं काही काम काढून फोन करतात. गीतांचं पुस्तक राहिलंय का, अमक्याचा पत्ता आहे का. मग समोरचा सांगायचं तर सांगतो. ज्याला एकटं राहायचं आहे त्याला त्या पुन्हा लवकर फोन करत नाहीत. हे कसब नियमावलीत बसत नाही, आणि म्हणूनच ते समितीकडे देऊ नये.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो माझ्या बाजूच्या लोकांनाही टोचणारा आहे. न आलेल्यांची यादी केली की कधीकधी असं निघतं की त्यांना आपणच घालवलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये रिचर्ड ॲलन, ॲब्सलम जोन्स आणि त्यांचे कृष्णवर्णीय सोबती प्रार्थनेला गुडघे टेकून बसले असताना, ती जागा तुमची नाही म्हणून त्यांना तिथून उठवायला लागले. प्रार्थना संपू द्या, एवढंच त्यांनी मागितलं. तेही मिळालं नाही. ते सगळे मिळून बाहेर पडले, आणि त्यातूनच १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. कल्पना करा, पुढच्या रविवारी सेंट जॉर्जेसमध्ये कुणी खुर्च्या मोजून "यंदा जरा कमी आले" असं लिहिलं असतं तर.

अगदी अलीकडे, २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या. वाद समलैंगिक विवाहाचा आणि समलैंगिक व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा देण्याचा. त्यात कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही. पण बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मंडळीत मतदान झालं, बहुतेक ठिकाणी एक बाजू हरली, आणि पुढच्या नाताळला हरलेल्या बाजूच्या काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या असणारच. तिथे नव्या सजावटीने आणि मोठ्या गायकवृंदाने भरपाई होत नाही. कुणाला तरी कागद घेऊन बसावं लागतं.

तिसरा आक्षेप पाळकांचा असतो आणि तो रास्त आहे. माणसं कुठे आहेत एवढं करायला? म्हणून मी म्हणते, कार्यक्रम कमी करा. वर्षाला बारा करणाऱ्या मंडळीने सहा करावेत आणि प्रत्येकानंतरचे तीन आठवडे मोकळे सोडावेत. त्या तीन आठवड्यांत सजावट-समितीने दुसरी सजावट करायची नाही, भेटी द्यायच्या. विक्रीमेळ्याच्या जमाखर्चाखाली आणखी एक ओळ असावी, किती घरी जाऊन आलो. कापणीच्या सणाला वेदीपुढे मांडलेल्या वस्तू एका गाडीत भरून एकदम पोचवण्यापेक्षा आठ जणांनी आठ दारांत नेऊन द्याव्यात. वेळ जास्त लागेल, आणि तो लागावाच. कॅप्टन फॉयलाही एकदम सगळी पेनी कुठल्या धनिकाकडून मिळवता आली असती.

आणि कार्यक्रमाची वेळ ठरवताना कोण येऊ शकणार नाही हे आधी विचारावं. यातही वेस्लीची एक नोंद मला फार आवडते. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडच्या खाणकामगारांमध्ये रात्रभर जागून प्रार्थना करायची प्रथा पडली होती. पूर्वी ज्या रात्री ते दारूच्या गुत्त्यात काढत त्या आता गाण्यांत जात. तिच्यावरून मेथडिस्टांची जागरणाची उपासना आली, जी पुढे वर्षाअखेरच्या रात्रीला जोडली गेली. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक गुलामीतून मुक्ततेच्या जाहीरनाम्याची वाट पाहत चर्चमध्ये जागले तेही असंच जागरण होतं. तर १७४२ मध्ये वेस्ली लिहितो की या उपासनेसाठी आम्ही पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार निवडतो, म्हणजे लांब राहणाऱ्यांना घरी परतताना उजेड मिळेल. कार्यक्रमपत्रिका करणाऱ्याने आधी चंद्र पाहिला, आणि चंद्र पाहिला तो सर्वांत लांबच्या माणसासाठी.

त्या अकरा नावांचं काय झालं हे मी पुढे विचारून घेतलं होतं. चौघे परगावी गेले होते. दोघांनी दुसरी मंडळी धरली होती आणि सुखात होते. एकाला गायकवृंदातून न विचारता वगळलं म्हणून राग होता. एका घरात आजारपण होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. उरलेल्या तिघांचं कारण एकच निघालं. त्यांना अंधारात दिसत नव्हतं. तिघंही सत्तरीच्या पुढचे, आणि कार्यक्रम गेली कित्येक वर्षं संध्याकाळी सात वाजता, कारण मेणबत्त्या अंधारात छान दिसतात.

पुढच्या वर्षी कार्यक्रम दुपारी तीनला ठेवला. मेणबत्त्यांची मजा गेली, अशी तक्रार झालीच. नोकरीवाले काही जण येऊ शकले नाहीत. शेवटी पोरांनी अंगरखे काढून खुर्चीवर टाकले, खुर्च्या भिंतीकडे सरकू लागल्या, आणि चिटणिसाने मोजून आकडा सांगितला, एकशे अडतीस. कुणी काही बोललं नाही. मग तो दाराकडे वळला आणि विचारलं, "बाई, तुमच्याकडे किती?"

"सात," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल पुढे करून म्हणाल्या, "तिघांना तुम्ही फोन कराल का?"